सकाळवाली आणि संध्याकाळवाली

रात्री सव्वादहा वाजता कुणाच्या तोंडावर ऊन पडतं का? नाही ना? मग ठिपकेबाईसमोर, संगणकाच्या पडद्यावर, तिचा मामा रात्री दहा वाजून अठरा मिनिटांनी लख्ख उन्हात डोळे बारीक करून हसत उभा होता, तो कसा?

तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. फोटो तोच. मामाच्या हातात काळी पाटी. पाटीवर खडूनं लिहिलेलं, ठिकाण चौदा, उजवा डबा, डबा लावल्याच्या दिवसाची तारीख, सकाळी दहा अठरा. आणि फोटोच्या खालच्या काठावर कॅमेऱ्यानं आपण होऊन छापलेली वेळ, बावीस अठरा. मामाचं टक्कल चकाकतंय आणि कॅमेरा खुशाल म्हणतोय की रात्र आहे.

"मेले मी," ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं.

आता ही ठिपकेबाई कोण, ते आधी सांगायला हवं. वन्यप्राणी वाचवणारी एक मोठी संस्था आहे. मुख्य कचेरी समुद्रापलीकडे, शाखा देशोदेशी. त्यातल्या एका शाखेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत ही बाई अकरा वर्षं बसते आणि बिबट्यांचे ठिपके वाचते. खरं नाव हजेरीपटावर आहे, ते कुणी वापरत नाही. जंगलात वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडाला एकेक कॅमेऱ्याचा डबा बांधलेला असतो. जनावर मधून गेलं की दोन्ही डबे एकदमच फोटो काढतात, एकात डावी कूस, दुसऱ्यात उजवी. दोन डबे कशाला, असं कुणीही विचारील. तर बिबट्याच्या दोन कुशी सारख्या नसतात. आपल्या दोन अंगठ्यांचे ठसे वेगळे, तसंच ते. नुसती डावी कूस बघून उजवी कशी असेल हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता यायचं नाही. दोन्ही डब्यांतली वेळ जुळली, तरच ते एक जनावर. नाही जुळली तर दोन.

आणि म्हणूनच डब्याचं घड्याळ बरोबर हवं. घड्याळ तपासायचा नियमही साधा आहे. डबा लावणाऱ्यानं पहिला फोटो स्वतःचा काढायचा, हातात पाटी धरून, पाटीवर खरी वेळ लिहून. ठिपके वाचणारीनं तो फोटो आधी बघायचा, पाटी आणि छापलेली वेळ जुळते का ते ताडायचं, मगच पुढचं काम. अकरा वर्षांत ठिपकेबाईनं हजारो पाट्या तपासल्या होत्या. चौदा नंबरची मात्र नाही. त्या डब्यांचे फोटो अहवाल पाठवायच्या शेवटच्या दिवशी आले, डोक्यावर टांगती तलवार, आणि लावणारा होता मामा. सख्खा. आईचा धाकटा भाऊ. मामाच्या डब्याची पाटी काय बघायची! ज्यानं आपल्याला वाळूतली पावलं ओळखायला शिकवली, त्यालाच घड्याळ लावता येतं का म्हणून विचारायचं?

तर तिनं विचारलं नव्हतं. आणि आज साहेबांनी सकाळी हाक मारून सांगितलं, "बाई, तुमच्या मामांचा एखादा हसरा फोटो काढून ठेवा, चारच्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर दाखवू," म्हणून ती पहिल्यांदाच त्या पाटीच्या फोटोपाशी आली होती. दोन महिने फोटो तिच्याच संगणकात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तिनं चौदा नंबरच्या दोन माद्या उघडल्या. डाव्या डब्यातली सकाळवाली आणि उजव्या डब्यातली संध्याकाळवाली.

या दोघींनी तिला अख्ख्या संस्थेत नाव मिळवून दिलं होतं. सकाळवाली पहाटे सहाच्या आसपास जायची, तिची फक्त डावी कूस दिसलेली. संध्याकाळवाली संध्याकाळी सहाच्या आसपास, तिची फक्त उजवी. दोनपैकी एखादा डबा अधूनमधून चुकतोच, म्हणून त्याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. एरवी दोन माद्या एका वाटेवर नांदत नाहीत. या नांदत होत्या, पाळ्या लावून. गिरणीतल्या बायांसारख्या! ठिपकेबाईनं अहवालात तसंच लिहिलं आणि समुद्रापलीकडच्या मोठ्या बाई वाचून भलत्याच खूश झाल्या. भिंतीवर लावायचं चित्र निघालं, 'पाळीनं चालणाऱ्या बहिणी' म्हणून. तिच्या खुर्चीमागेच ते लावलेलं होतं.

आता तिनं तास सोडून मिनिटं बघितली. पाच बावन्न आणि सतरा त्रेपन्न. तारीख तीच. पाच एकेचाळीस आणि सतरा बेचाळीस. सहा चार, अठरा पाच. पाच अठ्ठावन्न, सतरा एकोणसाठ. चार वेळा, चारही वेळा एका मिनिटाचा फरक आणि वर बारा तास. शिवाय दोघी तळ्याच्याच दिशेनं चाललेल्या. दोन महिन्यांत तळ्याकडून परत येताना कुणी दिसलंच नव्हतं. अहो, बहीण गेली तर बहीण कधीतरी परत येईल की नाही? हेसुद्धा तिच्या डोक्यात आलं नव्हतं. पहाट आणि तिन्हीसांज फोटोत सारखीच करडी दिसते, आणि बाकीची हरणं-डुकरं संगणकच बाजूला काढायचा, ती बघायची वेळच येत नव्हती. नाहीतर भर उन्हात चरणारं हरीण आणि खाली रात्रीची वेळ, हे तिला तेव्हाच दिसलं असतं.

बहीणबिहीण कुणी नव्हती. एकच मादी होती, तिच्या दोन कुशी होत्या, आणि मामानं उजव्या डब्याचं घड्याळ लावताना सकाळच्या जागी रात्र लावली होती.

एवढं काय घडलं, असं वाटेल. एक बिबट्या कमी, त्यात आभाळ कुठं कोसळलं? पण आभाळ त्या एकाच बिबट्यावर टेकलं होतं. संस्थेचा नियम असा की ज्या जंगलात वीस मोठे बिबटे, ते पहिल्या यादीत. पहिल्या यादीतल्या जंगलाला पुढची दहा वर्षं संस्थेचं संरक्षण, कॅम्प, गस्त, सगळं. विसाच्या खाली आलं की दुसरी यादी, म्हणजे कॅम्प महिनाअखेर बंद. त्या कॅम्पचा मुख्य मामा. त्याच्या हाताखाली सहा माणसं. यंदाचा आकडा होता वीस. घासून, पण वीस. आज चार वाजता मोठ्या बाई पडद्यावरून यादीवर सही करणार होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"झाली का गं हजेरी?"

"आई, चार वाजता आहे. आत्ता अकरा वाजलेत."

"बरं बरं. मामानं नवा शर्ट घातलाय का बघ. शेजारच्यांना सांगून ठेवलंय मी, माझ्या भावाला आज सात समुद्रापलीकडून शाबासकी मिळणार म्हणून. त्या म्हणाल्या, आकडा खरा असतो का हो? म्हटलं, माझा भाऊ जन्मात खोटं बोलला नाही. मुलगी बघायला गेला तेव्हा आपण होऊन सांगितलं त्यानं, मी घोरतो, आणि महिन्यातून चार दिवस घरी असतो. तीन वर्षं लग्न लांबलं त्याचं! तो कुठला आकडा फुगवतोय?"

"ठेवते मी," ठिपकेबाई म्हणाली.

त्यानंतर तिचा पाय एका जागी ठरेना. ती उठली, पाणी प्यायली, बसली, परत उठली. साहेबांच्या दारापर्यंत गेली. आत साहेब टायची गाठ सारखी करत भाषण घोकत होते. "या, या! बाई, तुमच्या त्या बहिणींचा उल्लेख मी दोनदा घेतलाय. जास्त होईल का हो?" ती म्हणाली, "साहेब, एक सांगायचं होतं." ते म्हणाले, "सांगा की," आणि त्यांचा फोन वाजला. ती मुकाट्यानं बाहेर आली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा साहेब सभागृहात खुर्च्या मोजत होते. तिसऱ्यांदा गेलीच नाही. जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि अंगठ्याचं नख कुरतडू लागली. पन्नाशीकडे झुकलेली बाई, शाळेतल्या पोरीसारखी!

झाकली मूठ, तिच्या मनानं हळूच म्हटलं. कुणाला कळणार आहे? आणि लगेच तेच मन म्हणालं, तुला कळलंय ना.

मामा दोन वाजता आला. नवा शर्ट, घडीच्या रेघा अजून तशाच. पायांत मात्र कॅम्पचेच बूट, कडेला वाळलेला चिखल. जिना चढतानाच ओरडला, "काय गं ठिपके! तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं? जेवलीस का?"

तिनं त्याला खोलीत घेतलं, दार लावलं आणि पडद्यावरचा फोटो दाखवला.

"बरा आलोय की," मामा म्हणाला.

"वेळ बघ, मामा."

त्यानं वाकून बघितलं. पाटी बघितली, खालची वेळ बघितली, परत पाटी बघितली. मग खुर्ची ओढून सावकाश बसला. "म्हणजे काय?" असं मात्र त्यानं विचारलं नाही.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"घड्याळाचं नव्हतं. ताईची शपथ. ते आत्ता बघतोय." मामानं टकलावरून हात फिरवला. "पण त्या वाटेवर एकच चालते, हे माहीत होतं. मागच्या डाव्या पायाचं एक बोट फाकलंय तिचं. तुझा अहवाल वाचला आणि म्हटलं, दोन कुठून आल्या? आठ दिवस सकाळ-संध्याकाळ जाऊन बघितलं. सकाळी पावलं उमटतात. संध्याकाळी उंदीरसुद्धा जात नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो. जीप काढली होती. मग कॅम्पवरची आमची सहा टाळकी दिसली, भांडी घासत, एकमेकांची टर उडवत. वीस झाले म्हणून सगळे हवेत. परत आत गेलो."

"मामा, ही काय गोष्ट झाली?"

"ऐकून घे आधी!" मामाचा आवाज चढला. "सव्वीस वर्षं मी त्या जंगलात तारेचे फास काढतोय. आमची पाठ वळू दे, महिन्यात फास परत लागतील. आज एकोणीस आहेत, दोन वर्षांनी नऊ असतील. एका खोट्या मादीच्या आधारानं एकोणीस खरी जनावरं जगतात. सांग मला, कुणाचं घोडं मारलं मी?"

मुद्दा बिनतोड होता, हीच तर पंचाईत. मामा चुकीचं बोलला असता तर तिनं तिथंच तोडून टाकलं असतं.

"अहवालावर सही माझी आहे," ती शेवटी म्हणाली. "उद्या कुणी तपासलं तर? एक खोटी निघाली की उरलेल्या एकोणिसांवर तरी कोण विश्वास ठेवील?"

"कोण तपासतंय? इथं ठिपके वाचता येणारी तू एकटी आहेस."

तो सहज बोलून गेला, पण तिला ते लागलं. अकरा वर्षं ज्याचा अभिमान धरला, तेच आता गळ्याशी आलं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली, "नदीच्या वाळूत तू मला पावलं दाखवलीस. मी म्हटलं, दोन वाघरं गेली. तू म्हणालास, एकच आहे, ते मागं वळून परत गेलंय. मी रडायला लागले, मला दोनच हवीत म्हणून. तेव्हा काय म्हणालास? हावऱ्या माणसानं मोजायला बसू नये."

मामा उठला. शर्टाची बाही खाली ओढली.

"तेव्हा माझ्या हाताखाली सहा जणं नव्हती," तो म्हणाला. "मी हजर म्हणणार आहे. पुढचं तुझं तू बघ." आणि दार उघडं टाकून निघून गेला.

या 'हजर'चीही एक रीत आहे. संस्थेत आकडा नुसता वाचून दाखवत नाहीत. एकेका जनावराचा फोटो पडद्यावर येतो. जंगलातला माणूस म्हणतो, "हजर." ठिपके वाचणारा म्हणतो, "मान्य." दोघांचे दोन शब्द मिळाले की ते जनावर यादीत. साहेब या प्रकाराला नाटक म्हणायचे, पण नियम मुख्य कचेरीचा होता, म्हणून मुकाट पाळायचे. म्हणजे ठिपकेबाईला नुसतं गप्प बसून सुटका नव्हती. तोंड उघडून खोटं बोलायला लागणार होतं, तेही मामाच्या पाठोपाठ.

चार वाजले. सभागृह भरलं. भिंतीएवढ्या पडद्यावर मोठ्या बाई आल्या, पिकलेले केस, चेहरा प्रसन्न. साहेबांचं भाषण झालं, त्यात बहिणी दोनदा आल्या, लोक दोन्ही वेळा हसले. मामा पहिल्या रांगेत ताठ बसलेला. ठिपकेबाई त्याच्याशेजारी, कारण खुर्च्या तशाच मांडल्या होत्या. हातातला फोन थरथरला. आई. तिनं तो मांडीखाली दाबला.

पहिला फोटो. "हजर." "मान्य." दुसरा. "हजर." "मान्य." सुरुवातीला तिचा आवाज कापत होता, मग लागला. ही सगळी तिची ओळखीची होती. शेपटीचं टोक तुटलेला म्हातारा. खांद्यावर तीन ठिपक्यांचा त्रिकोण असलेली. पाच वर्षांपूर्वी मामानं फासातून सोडवलेला, कमरेवर तारेचा वण. त्याच्या नावाला मामाचा "हजर" जरा भरून आला. सतरा, अठरा झाले. तिला वाटलं, हे असंच चालू राहावं, शंभर व्हावेत, विसावा येऊच नये.

एकोणीस, सकाळवाली. "हजर." "मान्य."

वीस, संध्याकाळवाली. लोकांनी टाळ्यांसाठी हात वर घेतलेले तिला दिसले. उजवी कूस, करडा उजेड, खाली छापलेलं सतरा बावीस... नाही, सतरा त्रेपन्न. तिला आकडेही नीट दिसेनात.

"हजर," मामा म्हणाला. सगळ्यांत मोठ्यानं. तिच्याकडे न बघता.

सभागृह थांबलं. साहेबांनी मान वळवली. मांडीखाली फोन परत थरथरला. ठिपकेबाईनं तोंड उघडलं.

"मान्य नाही."

"काय म्हणालात?" साहेब.

"मान्य नाही. ही एकोणीस नंबरचीच मादी आहे. दुसरी कूस. उजव्या डब्याचं घड्याळ बारा तास चुकलेलं होतं." आणि ती भराभर बोलत सुटली, पाटी, ऊन, मिनिटं, तळ्याची वाट, सगळं. बोलताना तिला वाटत होतं की संपलं की मोकळं वाटेल. संपलं, आणि काही मोकळं वाटलं नाही.

मोठ्या बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी मामाकडे बघितलं. "आपण तर हजर म्हणालात."

मामा उठून उभा राहिला. नव्या शर्टात अंग आक्रसल्यासारखा. त्याचे ओठ हलले, आणि ठिपकेबाईला लख्ख कळलं की हा आता खरं सांगणार. आठ दिवस जाऊन बघितलं ते, जीप काढली ते, सगळं. सव्वीस वर्षांची अब्रू इथंच, पन्नास माणसांसमोर जाणार.

"त्यांना कळणं शक्यच नव्हतं," ती मध्येच ओरडली. "पाटी तपासायचं काम माझं. मी तपासली नाही. त्यांनी माझ्या अहवालावर भरवसा ठेवला, एवढंच."

मामानं तिच्याकडे बघितलं. दिवसभरात पहिल्यांदा नीट. मग तसाच खाली बसला.

सही एकोणीसवर झाली. जंगल दुसऱ्या यादीत गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा, असं मोठ्या बाई म्हणाल्या, पण कॅम्पच नसताना मोजणार कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. ठिपकेबाईचं काय करायचं ते नंतर कळवू म्हणाल्या. साहेबांनी टाय सोडून खिशात कोंबली. टाळ्यांसाठी वर आलेले हात लोकांनी कुठंकुठं लपवले.

ती जिना उतरून धावतच खाली आली. मामा जीपमध्ये बसला होता, किल्ली हातात, गाडी चालू न करता. ती दाराशी उभी राहिली.

"मामा, मी..."

"गप्प बस. राग आलाय मला, येऊ दे थोडा वेळ." तो समोरच्या काचेकडे बघत होता. "सहा जणांना काय सांगू? आकडा बरोबर आला म्हणून सांगू?"

ती रडत होती, आणि डोळे पुसायचं तिला सुचत नव्हतं. रस्त्यावरून लोक जात होते, बघत होते.

"महिनाअखेर डबे उतरवायचेत," मामा म्हणाला. "एकट्यानं होणार नाहीत. येशील?"

"येईन."

"उतरवतानाच्या पाट्या तू धर. मी नाही धरणार."

तिच्या हातातला फोन परत वाजला. मामानं वाकून नाव बघितलं.

"ताई?"

"सकाळपासून सातवा आहे."

"उचल. एकोणीस झाले म्हणून सांग. कॅम्पचं सांग. तुझी चूक सांग, माझं घड्याळ चुकलं ते सांग." त्यानं किल्ली घातली, परत काढली. आवाज एकदम बारीक झाला. "मी हजर म्हटलं, तेवढं मात्र तिला सांगू नकोस गं."